जोडीतली एक

९ सप्टेंबर

ओरिन टीग आज मोसमातली पहिली गाबोळी घेऊन आला. शेडच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. माझा नवरा आर्वोही कुणाला आत येऊ देत नसे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळपासून जीव धास्तावला होता. पाहुण्यांना होडीतून मासेमारीला नेणारे नदीवरचे सगळे गाइड सॅमनची गाबोळी आमच्याकडे मुरवायला देतात. शरदात मुरवलेली बरणी हिवाळ्यात उघडतात आणि तिचा तुकडा गळाला लावून पाहुण्यांना स्टीलहेड मासे पकडून देतात. त्यावरच त्यांचं वर्ष चालतं आणि आमचंही. पण ते आर्वोच्या शब्दाखातर देत होते की माझ्या हातांसाठी, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. काम मीच करायचे. तो दारात उभा राहून माल घ्यायचा आणि बरण्या द्यायचा.

जूनमध्ये तो गेला. गाबोळी आली नाही तर शेड बंद. शेड बंद झाली तर या नदीवर आर्वोचं काय उरलं? थडगं आहे, पण थडग्यापाशी कोणी बरणी मागायला येत नाही.

रीत तीच राहील असं ओरिन म्हणाला. मादीच्या पोटात गाबोळीची जोडी असते. जोडीतली एक आणणाऱ्याची, एक शेडची. माझ्या वाट्याच्या बरण्या हेल्मीच्या दुकानात जातील, दरवर्षीसारख्या. हेल्मी म्हणजे आर्वोची बहीण.

तो गेल्यावर मी मुरवायच्या टाकणखाराचा डबा उघडला आणि जरा रडले. मग काम केलं.

१४ सप्टेंबर

आज चार जोड्या आल्या. शिरा रक्ताने भरलेल्या. मासा होडीत ओढला की लगेच कल्ला कापायचा असतो, म्हणजे हृदय चालू असतानाच रक्त निघून जातं. तसं केलं नाही तर ते गाबोळीतच राहतं, आणि मग कितीही मुरवा, ती आतून काळी पडते. हे नदीवरच्या पोरासोरांना ठाऊक आहे.

विसरले असतील. पाहुण्यांची गडबड असते. मी सुरीच्या टोकाने एकेक शीर काढत बसले. निम्मं रक्त निघालं, निम्मं राहिलं.

आर्वोने असला माल दारातूनच परत फेकला असता. त्याला एकदाच कोणी रक्ताळलेली गाबोळी दिली होती, आणि तो ओरिनच होता. आर्वोने त्याला सगळ्यांसमोर धक्क्यावर उभं केलं, अर्धा तुकडा त्याच्या तोंडाजवळ नेला आणि म्हणाला, "माशाने खावं असं तुला वाटतं ना? मग आधी तू खा." ओरिनने चावून गिळला. पाहुणे पोट धरून हसत होते. ओरिनही हसला. मी कॉफी घेऊन तिथेच उभी होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण टाकणखाराने येतंच.

असा माणूस होता. त्याच्यामुळे नदीला शिस्त होती.

२३ सप्टेंबर

आज डेलमार आला. हा पूर्वी आर्वोच्या होडीवर वल्ही मारायचा, आता त्याची स्वतःची होडी आहे. त्याने आणलेली पिशवी गरम होती. मी हात लावला आणि मागे घेतला. दुपारभर धक्क्यावर उन्हात राहिली म्हणाला, बर्फ संपला होता.

एरवी कोणी थांबत नाही, हा थांबला. मी गाबोळी उघडत होते आणि तो दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी पायाची चौकशी केली. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत त्याला.

ती गोष्ट अशी. एका जानेवारीत त्याच्या हातून आर्वोच्या तीन बरण्या फुटल्या. आर्वोने त्याला आमच्या घरासमोरच्या, नदीतल्या वाळूच्या बेटावर उतरवलं आणि होडी घेऊन आला. थंडीत जरा डोकं थंड होईल म्हणाला. सकाळचा उतरवलेला, संध्याकाळी भरतीचं पाणी घोट्यापर्यंत चढलं तेव्हा आणला. दिवसभर हाका मारत होता. आर्वोला दुपारी झोप लागेना, तेव्हा त्याने मला रेडिओ मोठा करायला सांगितलं. पुढे कित्येक वर्षं आर्वो ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचा. शेवटी म्हणायचा, "थंडीत सगळं टिकतं, फक्त अक्कल नाही." लोक फार हसायचे.

डेलमार म्हणाला, "पाय बरा आहे. लेम्पी, त्या दिवशी रेडिओवर कुठलं गाणं लागलं होतं गं?"

मी म्हणाले, इतक्या वर्षांपूर्वीचं कुठे आठवतंय.

"मला आठवतं," तो म्हणाला आणि निघून गेला. गाणं कुठलं ते मात्र त्याने सांगितलं नाही. लोकांना काय काय लक्षात राहतं.

३० सप्टेंबर

चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. अंगाला टाकणखाराचा वास येत असेल. पुढच्या रविवारी दुसरा कोट घालेन.

११ ऑक्टोबर

आज पहिल्या खेपेच्या बरण्या उघडल्या. झाकण काढलं तशी हात नाकाशी गेला. आंबूस वास. दाणे सुटे राहायला हवेत, ते एकमेकांना चिकटून लगदा झालाय. रंग गुलाबी यायला हवा, तो तपकिरी. चार बरण्या पाहिल्या, चारही तशाच.

लपवून ठेवणं मला जमत नाही. मी बरणी घेऊन धक्क्यावर गेले. पाच-सहा गाइड होड्या धूत होते. ओरिनने बरणी हातात घेतली, वास घेतला आणि सगळ्यांकडे फिरवली. कोणीही नाक मुरडलं नाही, हे मला विशेष वाटलं. एकेकाने शांतपणे वास घेऊन ती पुढे दिली.

मग ओरिन म्हणाला, "माल तोच, खार तोच, फ्रीजर तोच. हातगुण गेला, लेम्पी. नवरा गेला की बाईच्या हाताला वेगळा वास सुटतो. आपल्याला कळत नाही, माशाला कळतं."

"दुःखाचा वास," मागून कोणीतरी म्हणालं. डेलमारच असावा.

मासे हाताचा वास ओळखतात हे खरं आहे. म्हणून तर आर्वो स्वतः गाबोळीला हात लावत नसे. पुरुषाच्या हाताला मासा बिचकतो म्हणायचा, बाईचा हात गोड. मला त्याने हातमोजे कधी घालू दिले नाहीत. मोज्यांच्या रबराचा वास लागला म्हणून एकदा त्याने बरणी भिरकावली होती. ती माझ्या भुवईला लागली, पण त्याने नेम धरला नव्हता.

घरी येईपर्यंत मी हात खिशातच ठेवले.

१२ ऑक्टोबर

सॉनात, वाफेच्या खोलीत बसून हात घासले. आधी साबण, मग कॉफीचा चोथा, मग मीठ. मग परत साबण.

१९ ऑक्टोबर

ग्रंथालयाची गाडी पुलापाशी येते. आता मी दोन पुस्तकं आणते, पूर्वी एक लपवून आणायचे. पुस्तकाला मासा लागत नाही, असं आर्वो म्हणायचा. सध्याचं पुस्तक जुन्या काळच्या वेढ्यांवरचं आहे. भिंत पडेना तेव्हा वेढा घालणारे मेलेली जनावरं आतल्या विहिरीत जातील अशी फेकत. पाणी नासलं की आतली माणसं आधी स्वतःच्याच घड्यांना दोष देत. ते पान मी दोनदा वाचलं. माणसं किती भाबडी असायची.

नंतर दोन जोड्या मुरवल्या. हात घासून घासून साल निघाली आहे आणि टाकणखार त्यात झोंबतो. पण झोंबलं तर बरंच. जे काही आत शिरलं असेल ते तरी जळून जाईल.

आर्वो गेला त्या दिवशी मी त्याचे हात धुतले होते. मला वाटतं ते तेव्हाच लागलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

२७ ऑक्टोबर

हेल्मी आली. वेलदोड्याचा पाव घेऊन आली आणि तो टेबलावर ठेवायच्या आधीच तिला माझे हात दिसले. तिने मला खुर्चीवर बसवलं, लोणी चोळलं, फडकी बांधली. आर्वोसारखंच कपाळ आहे तिचं, म्हणून तिच्याकडे मला फार वेळ बघवत नाही.

मी सगळं सांगितलं, हातगुणाचं, वासाचं. ती ऐकत होती आणि फडकं घट्ट करत होती, इतकं की मी हात ओढला.

"तुझ्या हातांना काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"मग बरण्या का नासतात?"

"गाबोळी कशी येते ते बघतेस ना तू? रक्ताची, उन्हात तापलेली?"

"गडबडीत असतात गं बिचारे. या वर्षी पाहुणे जास्त आहेत."

"एकाच वर्षात सगळे गाइड कल्ले कापायला विसरले?"

मी म्हणाले, आर्वोचा धाक होता तेव्हा विसरत नव्हते, बाईमाणसाचा कसला धाक. हेल्मीने फडक्याची गाठ मारली. कॉफी गार झाली तरी तिने प्यायली नाही. जाताना म्हणाली, "शेड बंद कर आणि दुकानात ये माझ्याकडे. तो माझा भाऊ होता, त्यामुळे मला जास्त बोलायला लावू नकोस."

तिलाही दुःख आहेच. भावाचं नाव निघालं की तिचा आवाज दगडासारखा होतो.

शेड मी बंद करणार नाही.

६ नोव्हेंबर

आज जे आलं ते गाबोळी म्हणायच्या लायकीचं नव्हतं. विणीसाठी वर गेलेली मादी काठावर मरून पडली होती, तिच्या पोटातलं. दाणे सुटलेले, पांढरे डोळे झालेले. पिशवी दारात ठेवून माणूस गेलाही होता. ती कुणाची हेसुद्धा मला कळलं नाही, म्हणजे जोडीतली एक परत कोणाला द्यायची तेही नाही.

फेकून द्यायला हवी होती, पण हिंमत झाली नाही. उद्या कोणी मागितली तर? मी तीही मुरवली. बाहेर जाऊन दोनदा श्वास घेऊन आले.

१५ नोव्हेंबर

परवा मी एक गोष्ट केली. आर्वोची काठी काढली आणि घराखालच्या वळणावर जाऊन उभी राहिले. मुलगी होते तेव्हा बापाबरोबर मासे धरायचे. लग्नानंतर काठीला हात लावला नव्हता. मनात असं होतं की स्वतः धरलेल्या मादीची गाबोळी मुरवून पाहावी. तीही नासली तर हातांचाच दोष, मग शेडला कुलूप.

दोन दिवस काही मिळालं नव्हतं. आज दुपारी, मोसमाच्या शेवटी येणाऱ्या चंदेरी सॅमनची एक मादी लागली. अंगावर अजून समुद्राच्या उवा होत्या, इतकी नुकतीच नदीत आलेली. मी गुडघ्यावर बसले, कल्ला कापला आणि तिला शेपटीने वाहत्या पाण्यात धरून ठेवलं. रक्ताचा लांब धागा निघाला आणि पाणी परत स्वच्छ झालं. मग पोट फाडलं. जोडी नारिंगी होती, शिरा काचेसारख्या रिकाम्या.

घरी आणून लगेच मुरवली. 

२२ नोव्हेंबर

बरणी उघडली. दाणा दाणा सुटा, वर हलकी साय, वास समुद्राचा आणि साखरेचा. इतकी देखणी बरणी मी आयुष्यात मुरवली नसेल.

मी खुर्चीवर बसून फार वेळ ती मांडीवर ठेवली होती. मग कळलं. काठी आर्वोची होती. त्याचा हात होता त्या काठीला, म्हणून हे झालं. अजून तो सांभाळतो मला.

ओरिनला निरोप पाठवला की एक संधी द्या. स्टीलहेडचा मोसम सुरू होतोय. हिवाळ्याचं आमिष माझ्याकडून घ्यायचं की नाही, हे नदीवरच ठरवा. एकच पाणी, सारखे गळ, दोन बरण्या, एक माझी आणि एक तुम्ही आणाल ती. पूर्वी वाद असाच मिटवत.

१ डिसेंबर

आज वळणाच्या डोहावर सगळे जमले. दुसरी बरणी डेलमारची होती. त्यानेही घरामागे शेड घातली आहे, हे मला आजच कळलं. त्याची गाबोळी बघून हेवा वाटला. कोरडी, नारिंगी, एकही काळी रेघ नाही. इतक्या चांगल्या माद्या या वर्षी त्याला कुठून मिळाल्या कोण जाणे.

ओरिनने दोन काठ्या लावल्या. अंगठ्याएवढा तुकडा एकीवर डेलमारचा, एकीवर माझा. गळांवरची दोन्ही तरंगती बुचं शेजारी शेजारी वाहत गेली. माझं बूच बुडालं. ओरिनने मासा काढला, सोडला. परत टाकलं. परत माझं बुडालं. तिसऱ्यांदाही माझंच. डेलमारच्या काठीलाही एक लागला, पण तो नंतर.

मला वाटलं आता कोणीतरी काही बोलेल. कोणीही टोपीसुद्धा हलवली नाही. ओरिनने माझ्या गळाचा उरलेला तुकडा काढला, पाण्यात टाकला आणि बोटं पँटला पुसली.

"मासे घेतील, लेम्पी," तो म्हणाला. "आम्ही नाही घेणार."

मी विचारलं, का म्हणून.

"नवऱ्याला विचार."

"तो गेलाय."

"तीच तर अडचण झालीय," ओरिन म्हणाला, आणि कोणीतरी हसलं.

मी म्हणाले की मी तुमचं काय वाकडं केलंय, माझ्या हातची कॉफी प्यायलात तुम्ही सगळे. तेव्हा डेलमार पुढे आला. लंगडत आला, एरवी तो लंगडणं लपवतो.

"तू काहीच केलं नाहीस," तो म्हणाला. "मी त्या बेटावर होतो आणि तू खिडकीत उभी होतीस. दिवसभर. मला तुझा निळा एप्रन दिसत होता."

 खिडकीतच तर भांडी घासायची जागा आहे.

ते गेले. मी बरणीला झाकण लावून वर आले. म्हणजे आता शेड नाही. सप्टेंबरपासून त्यांनी मला घाण आणून दिली आणि चांगला माल डेलमारकडे नेला. माझ्या हातांची साल निघत होती तेव्हा त्यांना ठाऊक होतं. आर्वोला तर हे सगळे मानत होते. त्याच्या मर्तिकाला नदीवरचा एकूण एक माणूस आला होता. खड्डा बुजेपर्यंत कोणी हललं नाही.

९ डिसेंबर

आठवडाभर अंथरुणात होते. काल उठले.

या नदीवर एक जुना रिवाज आहे. काठावर उभा राहून कोणी गळ टाकत असेल तर ते पाणी त्याचं. होडीवाल्याने पलीकडच्या काठाने, वल्ही उचलून, गळ न टाकता पुढे निघून जायचं. हा रिवाज मोडणाऱ्याला उद्या कोणी धक्क्यावर होडी लावू देणार नाही. आणि वळणाचा डोह माझ्या घराखाली आहे. समुद्रातून येणारा प्रत्येक स्टीलहेड वर जाण्याआधी तिथे विसावतो. गाइडांचा निम्मा हिवाळा त्या एका डोहावर निघतो.

आज उजाडायच्या आत मी तिथे जाऊन उभी राहिले. पहिली होडी ओरिनची. पुढे दोन पाहुणे, काठ्या तयार. त्याला मी दिसले. क्षणभर वल्ही थांबली. मग त्याने पाहुण्यांना गळ वर घ्यायला सांगितलं आणि पलीकडून निघून गेला. त्याच्यामागे बाकीच्या होड्याही तशाच गेल्या, मेंढरांसारख्या.

अंधार पडेपर्यंत मी तिथेच होते.

२० डिसेंबर

रोज जाते. ताप आला होता त्या दिवशीही गेले.

माझ्या बरणीला मासे वेडे झालेत. धरलेले सोडायचे असतात, खायला मला एक पुरतो. पण मी सोडत नाही. डोक्यात दांडका घालते आणि काठावरच्या दगडांवर ओळीने मांडते, होडीतून नीट दिसतील असे. संध्याकाळी ते सीगल खातात.

आज ओरिनच्या होडीतल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने ओरडून विचारलं, "बाई, काय लावलंय हो? आम्हाला थोडं द्याल का?" बोलणं गोड होतं बिचाऱ्याचं. मी बरणीतून एक तुकडा काढला, त्याला दिसेल असा वर धरला आणि मुठीत चिरडला. मग हात एप्रनला पुसला. म्हातारा आधी हसला, त्याला ती गंमत वाटली. मग त्याने ओरिनकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

ओरिनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आर्वो हवा होता बघायला.

हेल्मी वरच्या रस्त्यावर गाडी थांबवून माझ्याकडे बघत होती. मी हात केला. तिने केला नाही.

५ जानेवारी

आज डेलमार आला. पुढच्या दाराने आला आणि टोपी काढून उभा राहिला. हातात ओल्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, बर्फात ठेवलेलं.

मी त्याला आत घेतलं, बसवलं, कॉफी दिली, पाव कापला. तो कपाला दोन्ही हात लावून बसला. मग बोलायला लागला तो थांबेचना. पाहुणे दुसऱ्या नदीवर गेले. दोघांनी होड्या विकायला काढल्यात. त्याची बायको मुलांना घेऊन तिच्या आईकडे जायचं म्हणते. त्याच्या शेडमधल्या बरण्या तशाच पडून आहेत, कारण डोहाशिवाय त्या लावायच्या कुठे.

"चूक झाली आमची," तो म्हणाला. "कल्ले मुद्दाम नाही कापले. तापलेली पिशवी मी मुद्दाम आणली. ते मेलेलं दारात ठेवलं तेही मीच. राग तुझ्यावर नव्हता, लेम्पी. ज्याच्यावर होता तो सुटला. मग हाताशी तू होतीस."

मी म्हणाले, बरं.

"शेड परत उघड. सगळे तयार आहेत, ओरिनपण. माझी शेड मी मोडतो. पहिल्यासारखं, जोडीतली एक तुझी. फक्त डोह सोड. आठवड्यातले दोन दिवस सोडलास तरी चालेल." मग त्याने कागद माझ्यासमोर उघडला. "ही मी आज सकाळी धरली. तू बघ."

मी पाहिलं. स्टीलहेडची जोडी होती, लहान दाण्यांची, घट्ट, गार. शिरा रिकाम्या. मासा होडीत येताक्षणीच कापलेला, आणि मनापासून कापलेला. सप्टेंबरपासून मी ज्याची वाट बघत होते ते सगळं माझ्या टेबलावर होतं, आणि तो माणूस माझ्याकडे आशेने बघत होता. त्याचा दुखरा पाय शेकोटीकडे पसरलेला होता.

मी जोडी उचलली. भांड्यांच्या मोरीपाशी नेली आणि नळ सोडला.

गाबोळीला नळाचं पाणी लागलं की संपलं. दाणे फुगतात, टणक होतात, आत पांढरं साकळतं, आणि मग कुठलाही खार तिला परत आणू शकत नाही. आमच्याकडे लहान मूलही ओल्या हाताने गाबोळी धरत नाही. मी आधी एक धुतली, मग दुसरी. सावकाश, सगळ्या बाजूंनी, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तशी. डेलमार उठून उभा राहिला होता. त्याने मला थांबवलं नाही. थांबवता आलं असतं.

पांढरी पडली तेव्हा मी ती परत कागदात बांधून त्याच्या हातात दिली. "एक तुझी," मी म्हणाले, "आणि माझीही तूच घेऊन जा."

तो गेला. धक्क्याकडे उतरणाऱ्या वाटेवर बर्फ गोठला होता, त्यामुळे त्याला फार वेळ लागला. एक पाय टाकायचा, थांबायचा, मग दुसरा. तो झाडीत दिसेनासा होईपर्यंत मी खिडकीतून पाहत होते.

नंतर त्याचा कप धुतला, शेडमध्ये जाऊन फ्रीजर बंद केला आणि टाकणखाराचा डबा नदीत रिकामा केला. सॉना तापवला. पोटभर जेवले. उद्या उजाडायच्या आत डोहावर जायचंय.

आर्वो गेल्यापासून आज पहिल्यांदाच मला घरात एकटं वाटलं नाही.